एकावन्न मिनिटांचं माहेर

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मिरजेतल्या एका रुग्णालयात डॉ. उमराणी यांनी चाळीस दिवसांच्या मुलीचं डोकं तळहातावर घेतलं, पाठीखाली दुसरा हात दिला आणि डोकं चार बोटं खाली सोडलं. लगेच झेललं. मुलगी दचकली नाही.

त्यांनी तेच पुन्हा केलं. अशा वेळी कोणतंही तान्हं मूल दोन्ही हात फाकवतं, बोटं पसरतं आणि टाहो फोडतं. ही मुलगी वरच्या पंख्याकडे बघत राहिली.

"झेपेनं आला होतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीच्या आईनं, ईश्वरीनं, मान हलवली. "हो. व्हँकुव्हरहून."

"कितवा महिना होता?"

"आठवा संपत आला होता. बाळंतपणासाठी आले होते माहेरी."

डॉक्टरांनी बाळाला आडवं ठेवलं, दुपट्यात गुंडाळलं आणि खुर्ची ओढून बसले. दाराजवळच्या बाकावर बाळाची आजी, सारिका चौगुले, मांडीवर कपड्यांची पिशवी धरून बसल्या होत्या. डॉक्टर खाली बसले म्हणजे प्रकरण साधं नाही, हे त्यांना कळलं. खरं तर ते त्यांना दोन आठवड्यांपासून कळत होतं. त्यांनी ते लेकीला सांगितलं नव्हतं.

सारिकाताईंनी सारी नोकरी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर केली होती, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. गाड्या लावायच्या, सोडायच्या, उशीर झाला तर पुढच्या गाडीला थांबवून माणसं त्यात बसवून द्यायची. त्या खिडकीत अंतर कोणी किलोमीटरमध्ये विचारत नाही. कोल्हापूर किती लांब, तर सव्वा तास. पुणं किती लांब, तर पाच तास, घाटात अडकलं तर सहा. किलोमीटर तिकिटाच्या दरापुरते. जे लवकर येतं ते जवळ, हा हिशेब त्यांच्या अंगात मुरला होता, आणि त्या हिशेबानं त्यांची लेक कोल्हापूरपेक्षा जवळ राहत होती.

झेपयान, लोकांच्या तोंडी नुसती झेप, सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती. रत्नागिरीपासून आत समुद्रात एक तरंगता तळ होता. तिथून अग्निबाण उठायचा, काही मिनिटांत हवेचा थर मागे टाकायचा आणि मग इंजिन बंद. पुढचं सगळं अंतर ते यान फेकलेल्या दगडासारखं कापायचं. वर हवा नाही म्हणून अडथळा नाही, आणि अडथळा नाही म्हणून वेग कमी होत नाही. जवळजवळ अर्धा तास प्रवाशांना वजन नसे. मग यान पुन्हा हवेत शिरायचं, तेव्हा तोच वेग जिरवताना काही मिनिटं प्रत्येकाचं वजन चौपट व्हायचं. छातीवर तिघं जण बसल्यासारखं वाटायचं आणि संपायचं. बारा हजार किलोमीटरहून जास्त अंतर, वेळ एकावन्न मिनिटं. तळावरून होडीनं किनारा आणि रत्नागिरीहून गाडीनं सांगली, याला उलट साडेपाच तास.

पहिली दोन वर्षं ती चैन होती. मग दर उतरले आणि लांबच्या पल्ल्याची साधी विमानं रिकामी जाऊ लागली. कंपन्यांनी ती एकेक करून मोडीत काढली. जिथे जायला एक तास पुरतो तिथे वीस तास कोण बसणार? आता आकाशात उरली होती ती शेजारच्या देशांपर्यंत जाणारी छोटी विमानं आणि मालवाहू. कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

गरोदर बायकांना झेपेची परवानगी मिळाली ती चार वर्षांपूर्वी. आईचा रक्तदाब तपासला, बाळाचे ठोके तपासले, सगळं ठीक होतं. कंपनीच्या डॉक्टरांचा युक्तिवाद कोणालाही पटण्यासारखा होता: मूल पोटात पाण्यात तरंगतच असतं, त्याला वजनाचं काय?

"आई, इथे सगळी सोय आहे," ईश्वरी सातव्या महिन्यात फोनवर म्हणाली होती. "शर्विल म्हणतो, इथेच होऊ दे."

"शर्विलरावांना दे फोन."

शर्विल मगदूम मूळचा कोल्हापूरचा. बोलायला मोकळा, सासूशी थट्टा करणारा. "बोला, आई."

"तुमच्या आईंचं पहिलं बाळंतपण कुठं झालं?"

"इस्लामपूरला. तिच्या माहेरी."

"त्या वेळी कोल्हापूर-इस्लामपूर रस्ता उखडलेला होता. गाडीला दोन तास लागायचे. नवव्या महिन्यात गेल्या त्या, धक्के खात. आणि मी एकावन्न मिनिटांत बोलावते तर तुम्हाला लांब वाटतंय?"

शर्विल हसला. "तुमच्याशी वाद घालायचा तर हातात वेळापत्रक पाहिजे."

"मग वाद घालू नका. पहिलं बाळंतपण माहेरचं. पुढची तुमची, तिकडंच करा."

त्यांनी जे सांगितलं नाही ते एवढंच, की नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, विश्रामबागेतल्या तीन खोल्यांत दिवसभर फ्रिजचा आवाज ऐकू यायचा, आणि लेक दोन महिने घरात असेल या एका कल्पनेवर त्यांनी दिवाळीपासून दिवस काढले होते.

ईश्वरी आली. उतरताना बाळ पोटात गर्रकन फिरल्यासारखं वाटलं, असं ती गाडीत म्हणाली. मग दोघी त्यावर हसल्या. पाच आठवड्यांनी कळा सुरू झाल्या आणि बाळंतपण सरळ झालं. मुलगी पावणेसात पौंडांची. बाराव्या दिवशी बारसं होतं. शर्विल सकाळी आला, मुलीच्या कानात 'जुई' म्हणाला, पुरणपोळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. शेजारणींनी त्याचंही कौतुक केलं.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला मंगलाक्का यायच्या. पाय पसरून पाटावर बसायच्या, बाळाला पायांवर घ्यायच्या, तेल चोळायच्या, एका हातानं पालथं-उताणं करायच्या. शेवटी दोन्ही हातांनी उचलून हवेत हलका झोका द्यायच्या. बाकीची बाळं या झोक्याला किंचाळतात.

"लई शांत हाय लेकरू," मंगलाक्का म्हणाल्या. "उलटं धरलं तरी रडत न्हाई. भ्या म्हणून कसलं ते ठावंच न्हाई हिला."

"आजोबांवर गेलीय," सारिकाताई म्हणाल्या. त्यांनी त्या दिवशी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. अशा शांत पोराला दृष्ट लागते.

ती बातमी आली तेव्हा जुई चोवीस-पंचवीस दिवसांची होती. दुपारी ईश्वरी आतल्या खोलीत शेक घेत पडली होती. बाहेर टीव्हीवर एका जपानी संशोधन गटाचं काम सांगत होते. शेवटच्या दोन महिन्यांत झेपेनं प्रवास केलेल्या आयांची मुलं त्यांनी तपासली होती. बऱ्याच मुलांना खाली कुठे आणि वर कुठे याची जाणीवच नव्हती. ती पडण्याला दचकत नव्हती, मान धरत नव्हती. त्यांतली मोठी आता जवळजवळ चार वर्षांची होती आणि बसत नव्हती.

सारिकाताईंनी टीव्ही बंद केला.

"काय होतं गं?" आतून आवाज आला.

"काही नाही. जाहिराती."

बाळंतिणीच्या कानावर वाईट घालू नये, तिचं दूध जातं. सव्वा महिना तिनं उंबऱ्याबाहेर पडू नये. मोबाइल बघू नये, डोळ्यांवर येतं. तो त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. संध्याकाळी त्याच मोबाइलवर शर्विलचा फोन आला. त्यानंही बातमी वाचली होती.

"आई, जुई दचकते का?"

"मूल छान आहे. वजन वाढतंय."

"दचकते का?"

"शर्विलराव, सव्वा महिना होऊ द्या. मग मी स्वतः मिरजेला नेऊन दाखवते. आत्ता तिला सांगितलंत तर ती अंथरुणातनं उठून धावत सुटेल. ओली बाळंतीण आहे."

तो बरं म्हणाला. त्या रात्रीपासून सारिकाताई बाळाला पाळण्यात ठेवताना शेवटच्या क्षणी हात जरा लवकर काढून घेत. जुई धपकन पडे आणि डोळे उघडे ठेवून पडून राही.

डॉ. उमराणी समोरच्या कागदावर कानाचं चित्र काढत होते.

"आपण ऐकतो त्या भागाच्या शेजारी दोन इवल्या पिशव्या असतात. आत एक चिकट थर, आणि त्यावर खडूच्या कणांसारखे स्फटिक. खरोखर खडूचंच द्रव्य आहे ते. डोकं कललं की स्फटिक घसरतात, खालचे बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं, खाली कुठे आहे. पोटातलं मूल पाण्यात तरंगतं हे बरोबर. पण स्फटिक तरंगत नाहीत. ते पाण्याहून जड असतात, ते खालीच बसतात. म्हणजे मुलाला वजन कळत असतं. शेवटच्या दोन महिन्यांत मेंदूच्या तारा त्या केसांना कायमच्या जोडल्या जातात. नेमक्या त्या वेळी अर्धा तास खाली नावाची दिशाच नाहीशी झाली. आणि लगेच चौपट वजनाचा दणका. मेंदूनं ती वाट निकामी समजून बंद केली, असं आज तरी दिसतंय."

"म्हणजे ती चालणार नाही?" ईश्वरीनं विचारलं.

"चालणं पुढचं झालं." त्यांनी जुईला हळूच उभं धरलं. थोड्याच वेळात तिचे ओठ फिके पडले, पापण्या मिटू लागल्या. त्यांनी तिला पुन्हा आडवं केलं. "आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे जातं. ते वर ठेवायचा निरोपही याच कानाकडून मिळतो. हिला तो मिळत नाही. हिला आडवीच ठेवायची. कडेवर नाही, खांद्यावर नाही."

"उपाय?"

"एक पाळणा आहे. मोठ्या चक्रावर बसवलेला, आठवडेच्या आठवडे संथ फिरतो. त्यात मुलाला थोडं जास्त वजन जाणवतं, एकसारखं, न थांबता. बंद झालेली वाट काही मुलांत उघडली. पण जन्मापासून साठ दिवसांच्या आत सुरुवात झाली तरच. त्यानंतर उघडल्याचं एकही उदाहरण नाही." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "तो व्हँकुव्हरला आहे. दुसरा अजून कुठे उभा राहिलेला नाही. बातमी आली तेव्हाच आणलं असतंत, तर हातात दोन आठवडे जास्त होते."

"कोणती बातमी?" ईश्वरी म्हणाली.

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं आणि मग सावकाश मागे वळून बाकाकडे.

"तुला माहीत होतं?"

सारिकाताईंनी पिशवीचे बंद धरले. "सव्वा महिना व्हायचा होता, बाळा."

ईश्वरीनं जुईला उचललं, तिला आडवी धरायची आठवण ठेवली आणि खोलीबाहेर गेली.

बाहेरून तिनं शर्विलला फोन लावला, तर तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता. "झेपेनं आण. एकावन्न मिनिटं, ईशू. व्हायचं ते होऊन गेलंय. तान्ह्या बाळांना परवानगी नाही, पण पैसे घेऊन नेणारा माणूस आहे, मी बोललोय."

ईश्वरीनं आत येऊन फोन डॉक्टरांकडे दिला. "पहिल्या झेपेत किती गेलं ते मला मोजता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरीत उरलेलं जाईल की नाही तेही सांगता येत नाही. पण चौपट वजनात हिचा रक्तदाब कोण सांभाळणार? मी सही करणार नाही."

"आणि साध्या विमानानं?" ईश्वरीनं विचारलं.

"चढता-उतरताना धोका आहे. आडवी धरली तर कमी. पण साधं विमान आहे कुठे?"

त्या दुपारी घरी ईश्वरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सकाळपासून ती आईशी बोलली नव्हती.

"मला काही समजावू नकोस," ती म्हणाली. "तुला एकच काम येतं. मला गाड्या जोडून दे."

सारिकाताईंनी पदराला हात पुसले आणि बसल्या. त्यांनी विमानं जोडायला घेतली, जशा एकेकाळी जत-विट्याच्या गाड्या जोडत. पुण्याहून दिल्ली. दिल्लीहून अल्माटी, आठवड्यातून दोनदा. तिथून उलानबातर. तिथून जपानातलं सपोरो. पुढे महासागर, आणि महासागरावरून माणसं नेणारं साधं विमान जगात उरलं नव्हतं. त्यांनी मालवाहू कंपन्यांना फोन लावले. मोडक्या इंग्रजीत, मग शेजाऱ्यांच्या इंग्रजी येणाऱ्या नातवाकडून, मग पुन्हा स्वतः. तिसऱ्या दिवशी एका मालवाहू विमानाच्या कप्तानानं वैमानिकांच्या मागची जागा द्यायचं कबूल केलं. सपोरो ते महासागरापलीकडचं अँकरेज. तिथून व्हँकुव्हर सोपं होतं. प्रत्येक टप्प्यानंतर बाळाला विश्रांती धरून एकूण अकरा दिवस. बाळाचा पासपोर्ट आणि वाटेतल्या देशांचे परवाने यांसह सोमवारपासून एकूण सहा दिवस गेले. हातात तीन दिवस जास्तीचे उरत होते. एस.टी.च्या भाषेत ही बरी जोडणी होती.

"मी पण येते," त्या म्हणाल्या. "सपोरोपर्यंत जागा आहे. तुला बाळ धरायला माणूस लागेल."

"माहीत आहे मला जागा आहे ते."

"मग?"

"तू नकोस." ईश्वरी दुपट्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आणायला एकावन्न मिनिटं लावलीस, पोचवायला अकरा दिवस. आता सांग, व्हँकुव्हर कोल्हापूरपेक्षा जवळ आहे का?"

सारिकाताईंनी टप्प्यांची यादी दुपट्यांवर ठेवली.

पुण्याच्या विमानतळावर त्यांनी बाळाच्या पायांना हात लावला. लेकीनं तेवढं करू दिलं.

त्यानंतर ईश्वरीचे निरोप येत राहिले. ती दुसरं काही लिहीत नसे. "दिल्ली पोचलो." "दिल्ली सुटलो." नियंत्रकाला ड्रायव्हरनं कळवावं तसं. सारिकाताईही तेवढंच लिहीत: "बरं." एकदा त्यांनी लिहिलं, "जुई कशी आहे?" त्याला उत्तर आलं नाही. अल्माटीत विमान बिघडलं आणि एक दिवस गेला. उलानबातरला धुळीचं वादळ होतं, तिथे दोन दिवस. तिथून सुटल्यावर ईश्वरीनं पहिल्यांदा तीन शब्दांहून जास्त लिहिलं: "चढताना ओठ निळे झाले होते. आता परत गुलाबी आहेत."

जास्तीचे तिन्ही दिवस संपले होते.

सारिकाताईंनी त्या दिवसांत स्वयंपाक केला नाही. मंगलाक्का डबा आणून द्यायच्या आणि समोर बसून राहायच्या.

"मी म्हनलं व्हतं शांत हाय म्हणून," त्या एकदा म्हणाल्या. "माझ्याच तोंडाची दिष्ट लागली म्हणायची."

"नाही हो, अक्का. तुमचं काय त्यात." सारिकाताई म्हणाल्या, "तुम्हाला कुठं बातमी माहीत होती."

सपोरोचा कप्तान शब्दाला जागला. शनिवारी ईश्वरीचा निरोप आला: "सपोरो सुटलो. दोघी ठीक." जुईचा तो एकोणसाठावा दिवस होता. शर्विल झेपेनं पुढे जाऊन अँकरेजला थांबला होता. पाळणा व्हँकुव्हरला रिकामा ठेवला होता. सगळं वेळेत झालं तर सुरुवात साठाव्या दिवशी संध्याकाळी होणार होती.

विमान निघाल्यावर सहा तासांनी शर्विलचा फोन आला. सांगलीत सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.

"आई, विमान अँकरेजला आलेलं नाही."

त्या उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या. "उशीर आहे?"

"वाटेत वादळ होतं. फार हेलकावे बसले म्हणतात. कप्तानानं मध्येच उतरवलंय, महासागरातल्या अल्यूशियन बेटांतल्या एका बेटावर. जुनी धावपट्टी आहे, लष्कराची."

"उतरलं ना पण? नीट उतरलं?"

"हो. उतरलंय."

"मग ईश्वरीनं कळवलं कसं नाही? ती पोचली की लिहिते."

"तिथे फोन चालत नाही. कप्तानानं कंपनीला कळवलं, कंपनीनं मला. मी इथून निघायचं बघतोय. विमान मिळत नाही. झेपेचा तळ तिथे नाही."

"शर्विलराव, कंपनीनं काय शब्द सांगितले? जसेच्या तसे सांगा."

त्यानं वाचून दाखवलं. सारिकाताईंनी ते पुन्हा वाचायला लावलं.

दुपारी दोन वाजेपर्यंत कंपनीकडून आलेली माहिती अशी: विमान सुखरूप उतरलं आहे. धावपट्टीवर वारा जोराचा असल्यानं पुढचं उड्डाण थांबवलं आहे, वेळ जाहीर केलेली नाही. कप्तान आणि सहवैमानिक विमानातच आहेत. दोन प्रवाशांपैकी एकीला बेटावरच्या दवाखान्यात हलवण्यात आलं आहे. कोणाला, ते निरोपात नाही.